टमाट्याला लागलेला विटाळ

माझं माहेर नांदेडचं. वडील शिक्षक, मी बी.एस्सी., विषय वनस्पतीशास्त्र. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणणारच, एवढं शिकून काय दिवे लावले बाईनं. नाही लावले. तेच तर सांगून राहिले.

लग्न होऊन औशाजवळच्या या खेड्यात आले, तेव्हा शेतात दहा गुंठे टमाटे सासूबाईंचे होते. केवळाबाई त्यांचं नाव, मी आत्याबाई म्हणते. ऊस, सोयाबीन लेकाकडं. टमाट्यात मात्र दुसऱ्या कुणाचा शब्द चालायचा नाही. दुकानातलं खत त्याला चिमूटभरसुद्धा नाही. गोठ्यातल्या देवणी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती ड्रमात पाण्यात कालवायची, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायची आणि आंबलं की मगानं झाडाच्या बुडाशी ओतायचं. औशाच्या बाजारात गिऱ्हाईक नाव घेऊन विचारतं, केवळाबाईचे टमाटे आले का म्हणून. यंदा त्यांचे गुडघे धरले आणि ड्रम माझ्याकडं आला. "आता तू बघ," एवढंच म्हणाल्या. मला कोण आनंद! या घरात माझं म्हणावं असं ते पहिलंच.

अट एकच. कावळा शिवला की ड्रमाजवळ जायचं नाही, टमाट्यात पाय घालायचा नाही. मी हो म्हटलं आणि मनात हसले. पण नेमके ते दिवस आले आणि ड्रम भरलेला. ढवळलं नाही तर सगळं नासणार. मी गुपचूप जाऊन ढवळलं, आणि पुढं तेच टमाट्याला घातलं.

आठवड्याच्या आत शेंडे वाकले. पानं पिळून दोऱ्यासारखी बारीक झाली, कळी गळायला लागली. परीक्षेसाठी मी ढीगभर रोग पाठ केले होते, पण त्या सरीत उभी राहिले तेव्हा एकही आठवला नाही. आठवली ती फक्त ढवळायची काठी आणि माझा हात. म्हटलं, आरते, हे तूच केलंस.

आत्याबाईंनी विचारलं, "तू तसली गेलीस का गं ड्रमाजवळ?"

मी मान हलवली, हो म्हणून. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पदरानं तोंड पुसत नुसत्या बांधावर बसल्या. मग त्यांनी शेजारच्या तारामतीजवळ मन मोकळं केलं, आणि तारामतीच्या तोंडात तर तीळ भिजत नाही. हापशावर माझी घागर लागली की बाया गप्प व्हायच्या. मला वर बघायचीसुद्धा लाज वाटायची.

शनिवारी म्हसोबाला नारळ द्यायचं ठरलं. तो बजरंगनं फोडला. बजरंग माझा नवरा. एरवी 'हे' म्हणते, आज एकेरीच म्हणणार. "हिची चूक पोटात घाल, देवा," म्हणून त्यानं नारळ दगडावर आपटला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला आणि खरं सांगते, मोकळं वाटलं. घरी येताना त्याला म्हटलं, "तुम्ही होता म्हणून निभावलं." तो म्हणाला, "असू दे." केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, असं वाटलं मला.

टमाटे काही सुधारले नाहीत. शेवटी मी एक फांदी पिशवीत घातली आणि बजरंगला औशाला घेऊन गेले, महादेवप्पांच्या कृषी केंद्रावर. तो सारखा म्हणत होता, आता कशाला, आता कशाला. महादेवप्पांनी फांदी उलटीपालटी करून बघितली.

"हा रोग न्हाई, बाई. उसावर मारतेत ना, ते तणनाशक लागलंय. टमाट्याला ते थेंबभर लागलं तरी पुरतं."

मी म्हटलं, "टमाट्याजवळ आम्ही औषधाचा पंपसुद्धा नेत नाही."

तेवढ्यात बजरंग बोलून गेला, "ड्रम धुतला होता की मी. चांगला खळखळून."

ड्रमाचं नाव तिथं कुणीच काढलं नव्हतं.

येताना मी मोटारसायकल कडेला थांबवायला लावली आणि सगळं वदवून घेतलं. आधीचं खत संपून ड्रम रिकामा झाला, तेव्हा त्यानं त्यात उसाचं तणनाशक कालवलं होतं. मी विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं?"

"शेंडे वाकले तेव्हाच."

"मग नारळ कसा फोडला?"

"तू आधीच कबूल करून बसलीस. म्हटलं, आता मधे मी कशाला बोलू. आईचा जीव हाय त्या टमाट्यात."

मला त्याच्या तोंडाकडं बघवेना. सगळ्या रस्त्यानं मी त्याच्या खांद्याला धरलं नाही.

आत्याबाई ओसरीवरच बसलेल्या. "काय म्हणले?" त्यांनी विचारलं. हातपाय धुवायला वळता वळता बजरंग म्हणाला, "रोगच हाय. हवेनं आलाय."

मी गप्प बसले असते तर घर शांत राहिलं असतं. नाही बसले.

"रोग नाही, आत्याबाई. यांनी ड्रमात उसाचं तणनाशक कालवलं होतं. मी ढवळल्यानं काही झालं नाही."

त्यांनी लेकाकडं बघितलं. लेकानं खाली बघितलं. तेवढ्यावरून त्यांना काय ते कळलं. "माझ्या तोंडाला काळं फासलंस रे," त्या म्हणाल्या. "सुनेचं नाव मी गावभर वाईट केलं." बजरंग गोठ्याकडं निघून गेला.

मला वाटलं, चला, सुटले. पण त्या माझ्याकडं वळल्या. आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

"मी अडाणी बाई. सासूनं सांगितलं ते धरून बसले. तू तर झाडांचंच शिकलीस ना गं? मग मान कशाला हलवलीस?"

तुम्हाला भिऊन हलवली, असं म्हणता आलं असतं. त्यांनी ते मानलंही असतं. पण मी भ्याले नव्हते. झाडं माझ्या विटाळानंच मेली, असं मला खरंच वाटलं होतं.