साधनाची एकोणीस चित्रं

निमंत्रणपत्रिका आली तेव्हा महादेवरावांनी ती चारदा वाचली, आणि निम्म्या तिवसा गावाला वाचायला लावली. अमरावतीच्या कलासंग्रहालयाच्या गोल दगडी इमारतीला पन्नास वर्षं झाली होती. त्यानिमित्त देणगीदारांचा सत्कार होता, आणि त्यांत महादेवरावांचं नाव होतं.

देणगी म्हणजे त्यांच्या लेकीची, साधनाची, एकोणीस चित्रं. चार वर्षांपूर्वी, चोविसाव्या वर्षी, डेंग्यूनं पोरगी गेली. महिन्याच्या आत महादेवरावांनी तिचा कागद न् कागद संग्रहालयाला देऊन टाकला. माणूस दिलदार, पण हट्टी किती असावा! एक तरी ठेवा म्हणून गोदाबाईंनी पदर पसरला, तर म्हणाले, "द्याचं तं पुरं द्याचं. घरी वाळवी खाईन, तिथी पोरीचं नाव राहीन."

त्यानंतर गोदाबाईंनी अमरावतीत पाऊल टाकलं नव्हतं. आता मात्र आपणहून म्हणाल्या, "मी बी येतो. मले पोरीचं काम पाह्यचं हाये." ठेवणीतलं लुगडं नेसून त्या निघाल्या आणि एस्टीत सबंध वाट बोलत राहिल्या. चार वर्षांत त्या एवढं बोलल्या नव्हत्या.

संग्रहालयात शिरले, तर भिंती कोऱ्या. एक चित्र नाही. इमारतीचं मूळ रूप दिसावं म्हणून भिंती मोकळ्या केल्या आहेत, असं दाराशी फलकावर लिहिलेलं. लोक माना वर करून घुमट पाहत होते आणि वा वा करत होते. घराचं कौतुक करायला घरातल्यांनाच बाहेर काढायचं, ही कुठली रीत? गोदाबाईंना पहिल्या रांगेत बसवून, "आतमंदी असतीन, पाहून येतो," म्हणत महादेवराव मागच्या बाजूला गेले.

तिथं सहदेव भेटला. संग्रहालयातला जुना शिपाई. चित्रं टेम्पोतून त्यानंच उतरवून घेतली होती.

"काका, तुमाले पत्र नाई आलं?" तो खाली पाहत म्हणाला. "चित्रं दोन सालापासून तळघरात होते. उन्हाळ्यात पाइप फुटला. सुट्टी होती, चार दिवस कोनी पाह्यलंच नाई. गठ्ठाच्या गठ्ठा चिकटला."

"मंग?"

"रद्दीत गेले, काका. सारेच."

महादेवराव भिंतीला टेकले. पोरगी दुसऱ्यांदा गेली होती, आणि या खेपेला तिला आपणच इथं आणून सोडलं होतं, हे त्यांना स्वच्छ कळलं. स्वतःची इतकी किळस त्यांना जन्मात आली नव्हती.

ते परतले तेव्हा गोदाबाई पदरानं चष्मा पुसत होत्या. "कुठी हायेत?"

थाप त्यांनी येता येता जुळवली होती. ती तोंडातून निघेना. त्यांनी होतं ते सगळं सांगितलं. तळघर, पाइप, रद्दी, काही लपवलं नाही. गोदाबाई रडल्या नाहीत. त्यांनी चष्मा चढवला आणि समोरची पांढरी भिंत पाहिली.

मग हळूच म्हणाल्या, "वल्ले झाले तवा कोनी उनात तरी टाकले का हो?"

महादेवरावांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं. मंचावरून त्यांचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं, आणि टाळ्या सुरू झाल्या.