समुद्राचं वाळवण

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात फहमिदाला पौडमध्ये एकच वैताग होता: ज्याला त्याला चिखल समजावून सांगायचा. अरबी समुद्राच्या तळातून नळीने उपसलेला हा गाळ. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना, आणि प्रत्येकात रव्याएवढे बारीक शंख. त्यांवरून हजारो वर्षांपूर्वी पाऊस कसा पडायचा ते शोधायचं आणि त्यावर पीएचडी मिळवायची. ऐकून लोक विचारत, "मग यंदा किती पडंल?"

पुण्यातल्या प्रयोगशाळेची भट्टी बंद पडली, दुरुस्त करणारा काही येईना. शेवटी तिने गाळ घरी आणून गच्चीवर बशांत वाळत घातला. एका बशीत एकच थर, आणि तो किती खोलचा याची चिठ्ठी बशीखाली. गाळ एकदाच मिळाला होता, पुन्हा मागायची सोय नव्हती. "काकी, बशांना हात लावू नका," असं शेजारच्या सगुणाबाईंना दहादा बजावून ती वाळलेला गाळ भरून ठेवायला दवाखान्यात रिकाम्या बाटल्या मागायला गेली.

परतताना वळवाने गाठलं. पिशवीतल्या बाटल्या खडखडवत ती धावत सुटली. गच्चीवर एकही बशी नव्हती. खाली ओसरीवर सगुणाबाई चिंब भिजून बसल्या होत्या. समोर परात, परातीत सगळा गाळ एकत्र. बशा धुऊन पालथ्या घातलेल्या. चिठ्ठ्याही नीट गोळा करून वर खडा ठेवलेला.

"वाळवण टाकून कुटं फिरतीस गं? बरं झालं मी हुते. येक कण वाया जाऊ दिला न्हाई."

"अहो काकी, सगळं एकत्र केलंत!"

"मंग काय येकेक बशी उतरवत बसू? समदी मातीच हाय न्हवं?"

फहमिदाचं डोकं फिरलं. आता वरचा थर कुठला आणि खालचा कुठला, हे अल्लालाच ठाऊक. सगळ्या मेहनतीवर पाणी पडलं होतं, आणि वर ही बाई कौतुकाची वाट बघत बसली होती! मुद्दाम केलं असतं तर निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं. तरीही ती भांडणारच होती. तोंड उघडलं आणि समोरच्या अंगणाकडे लक्ष गेलं. तिथे पोत्यावर पसरलेल्या, वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या पाण्यात लोळत होत्या.

"काकी, तुमच्या मिरच्या!"

"ऱ्हाऊ दे. येका टायमाला दोन्हीकडं कशी धावू? मिरची काय, बाजारात मिळती. तुझी माती लांबची हाय."

फहमिदाने बाटल्यांची पिशवी आदळली, ओढणी खोचली आणि चरफडत, रडत पावसात उतरली. हाताला येतील त्या मिरच्या ती एकाच टोपलीत भरू लागली.