साठ दिवसांचा हुलगा

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तो बहुतेक वेळा दुसऱ्यावरच निघतो, हेही माहीत आहे. सत्याऐंशी सालच्या हिवाळ्यात मात्र तो काढायला मला दुसरं कुणी सापडलं नाही. मी खूप शोधलं, खोटं कशाला बोलू?

तेव्हा मी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला पीएच.डी. करत होते. विषय हुलगा. कोकणातले लोक त्याला कुळीथ म्हणतात, आमच्या माणदेशात हुलगाच. इंग्रजीत त्याच्या नावातच घोडा आहे, आणि माझी रूममेट विनीता, नागपूरची, स्टॅटिस्टिक्सवाली, त्यावरून मला रोज छळायची.

“काय यार कांचन, सात समुद्र ओलांडून आलीस, ती घोड्याच्या खाण्यावर थीसिस लिहायला?”

“तुमच्या संत्र्यांचे लाड पुरवता पुरवता विहिरी आटतात,” मी म्हणायची. “माझ्या हुलग्याला एक पाऊस पुरतो.”

आणि ते खरंच होतं. मुरमाड रान, वीतभर माती, खत नाही, फवारणी नाही. दाणा माणसाला, भुसकट बैलाला, आणि पुढच्या वर्षीच्या ज्वारीला जमीन कसदार करून ठेवणार. एवढं गुणी पीक, पण गावात सूर्यफूल आलं आणि हुलगा गरिबाचा झाला. पाहुणे आले की हुलग्याचं माडगं पातेल्यावर ताट ठेवून झाकायचं, इथपर्यंत लाज. सगळ्यांनी पेरायचा सोडला. सोडला नाही तो एकट्या सुमित्राकाकूने.

सुमित्राकाकू म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. राजारामकाका गेल्यापासून ती एकटीच शेत करत होती. मूलबाळ नाही. तिचा हुलगा काळा, बारीक दाण्याचा, आणि साठ दिवसांत काढणीला येणारा. बाकीचे हुलगे शंभराच्या पुढे जातात. लग्नात माहेरहून येताना तिने मूठभर बी पदराला बांधून आणलं होतं, आणि पस्तीस वर्षं ते दरसाल पेरून, राखेत घोळून, मडक्यात जपलं होतं. माहेरचं गाव धरणाखाली गेलं. म्हणजे ते बी जगात एका मडक्यात होतं.

माझे प्रोफेसर, डॉ. हॅलोरन, एरवी खुर्चीतून हलायचे नाहीत. साठ दिवस म्हटल्यावर उठून उभे राहिले. “कुणी मोजले?” म्हणाले. मी म्हटलं, “काकूने.” त्यांनी बाहेरच्या देशातून बी आणायच्या परवान्याचा फॉर्म माझ्या हातात दिला. सहा पानी. वर म्हणाले, वेळ लागेल, पण रीतसर आण. तो फॉर्म मी टेबलावर ठेवला, त्यावर कॉफीचा मग ठेवला, आणि मगाचे गोल डाग पडेपर्यंत तो तिथेच राहिला. कोण बसणार भरत? मला सगळं कालच हवं असतं.

ऑक्टोबरमध्ये काकूचं पत्र आलं. चौथी शिकलेली, पण पत्र स्वतः लिहायची.

“कांचन, औंदा तिसरं वरीस पावसानं तोंड फिरवलं. खडी फोडायला जाते. मडक्यातलं बी अजून हाये. पण डोळ्यापुढं राहिलं तर एक दिवस शिजवून खाईन, माझाच माझ्यावर भरवसा नाही. तुझ्याकडं थंड खोली हाये म्हणतीस, बी वीस वर्षं मरत नाही म्हणतीस. तर सगळंच धाडते. पाऊस झाला की निम्मं मला परत धाड, निम्मं तुला. माझं रान मोकळं हाये.”

मी पत्र दोनदा वाचलं. भुकेल्या बाईने साडेतीन किलो धान्य घराबाहेर काढलं होतं, पोट ऐकणार नाही म्हणून. मला रडू आलं आणि त्याच वेळी, लाज वाटते सांगायला, आनंदही झाला. माझं बी येत होतं.

बेत सोपा होता. काकूने पिशवी एसटीने पुण्याला आईकडे पाठवायची. नरेंद्र म्हणून एक ओळखीचा मुलगा न्यू जर्सीत पिस्कॅटवेला शिकत होता, तो नाताळच्या सुटीत पुण्याला जाणार होता. येताना त्याने आणायची. आईला मी एवढंच लिहिलं, ‘काकूकडून हुलगे येतील, ते नरेंद्रजवळ दे.’ बी आहे, पेरायचं आहे, एक अक्षर नाही. कारण आईला सांगितलं की ती बाबांना सांगणार, आणि बाबा जन्मभर सरकारी नोकरीत, ते आधी विचारणार, परवाना काढलास का? म्हटलं, कशाला ती कटकट.

काकूनेही पिशवीतल्या चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं, ‘हे कांचनचं. तिला पोचवा.’ तिला वाटलं, मी आईला सांगितलंच असणार.

जानेवारीत नरेंद्र परत आला. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी गाडीतून आम्ही त्याच्या जवळच्याच आयसेलिनला डाळी-मसाले आणायला चार तास ड्राइव्ह करून जायचो, तेव्हा त्यालाही भेटलो. त्याने पिशवी हातात दिली.

“कस्टमवाल्याने उघडली होती,” तो म्हणाला. “माझं तर तोंडचं पाणी पळालं. पण त्याने वास घेतला, हसला आणि सोडून दिलं यार.”

मी हवेतच. सहा पानी फॉर्मला वाटाण्याच्या अक्षता लावून बी आणलं होतं मी. परतीच्या वाटेवर गाडीत पिशवीची गाठ सोडली, आणि काय सांगू, असा खमंग वास आला की माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाहेर बर्फ, आणि गाडीत काकूची चूल. विनीतासुद्धा चिडवायचं विसरली. “काय मस्त वास आहे गं,” म्हणाली. मी पिशवी छातीशी धरून झोपून गेले.

चार वर्षं वनस्पतींचा अभ्यास केलेली बाई मी. कच्च्या हुलग्याला असा वास येतो का, हा प्रश्न मला पडला नाही.

दुसऱ्या दिवशी ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत शंभर दाणे घालून उबेच्या कपाटात ठेवले. हुलगा दुसऱ्या दिवशी मोड दाखवतो. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. म्हटलं, साल टणक असेल. आणखी शंभर दाणे घेऊन एकेकाला कानशीने ओरखडा काढला, बोटं सोलून निघाली. पाचव्या दिवशी त्यांच्यावर बुरशी आली. मग मी चिडले. आधी कपाटावर, मग नरेंद्रवर. त्याने नक्की पिशवी भिजवली असणार, नाहीतर विमानतळावर कुठेतरी गरम जागी टाकली असणार. विनीता म्हणाली, आईला विचार ना.

रविवारी पुण्याला फोन लावला. शेजारच्या लताकाकूंकडे फोन होता, त्या आईला बोलावून आणायच्या. तोवर मी दातओठ खात उभी.

“आई, ते काकूचे हुलगे कसे ठेवले होतेस? ओले झाले होते का?”

“ओले कशाला होतील? पोचले ना नीट? कीडबिड नाही ना पडली?” आईच्या आवाजात केवढं कौतुक. “अगं, दोन दुपारी बसून भाजले मी. मंद आचेवर, थोडे थोडे. एकही करपू दिला नाही. हात भरून आले. तूच लिहिलं होतंस ना, कच्चं काही पाठवू नकोस, कस्टमवाले काढून घेतात, भाजलेलंच पाठव म्हणून. बरं झालं ना?”

लिहिलं होतं. ऑगस्टमध्ये एका मैत्रिणीबरोबर आईने पाठवलेले तांदूळ आणि मूग विमानतळावर काढून घेतले होते, तेव्हा मी रागाच्या भरात आईला चार पानं झापलं होतं. ‘इतकं साधं कळत नाही का तुला? यापुढे कच्चं धान्य पाठवायचं नाही म्हणजे नाही. भाजून पाठव.’ खाली दोन रेघा ओढल्या होत्या. आई रागाला भिऊन अक्षर न् अक्षर पाळते माझं.

वीस वर्षं बी जिवंत ठेवणारी थंड खोली इथे, आणि तिकडे पुण्याच्या ओट्यावर माझी आई माझ्या शब्दाखातर ते दाणा दाणा मारत बसली होती.

“कांचन? ऐकू येतंय ना? चांगले झालेत ना गं?”

“हो आई,” मी म्हटलं. “फार छान झालेत. गाडीत सगळ्यांना वास आला.”

“मग माडगं कर आणि खा,” ती म्हणाली. “थंडीत बरं असतं.”

हॅलोरनना सांगावंच लागलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फॉर्मचं विचारलं, मी मगाचे डाग पडलेला कोरा फॉर्म पुढे केला, त्यांना कळलं. मग त्यांनीच मला एक चाचणी लावून दिली. दाणे भिजवून, मधोमध चिरून एका औषधात ठेवायचे. आत जीव असेल तर अंकुर लाल होतो. दोनशे दाणे चिरले. सगळे पांढरेफटक. त्या संध्याकाळी त्यांनी खूप ठिकाणी पत्रं लिहिली, कुठल्या बियाण्याच्या कोठारात हा वाण आहे का म्हणून. उत्तरं आली, हुलगे आले, पण सगळे शंभर दिवसांच्या पुढचे. साठाचा एकही नाही.

तरी माझी खोड जाईना. कढईच्या काठाला एखादा दाणा सुटला असेल, आईचा डोळा चुकवून एखादा खाली पडला असेल आणि तिने तो तसाच पिशवीत टाकला असेल. फेब्रुवारी आणि मार्च मी हरितगृहात ट्रेमागून ट्रे पेरत बसले. मूठभर, आणखी मूठभर. दोन किलो संपले. कुजका वास यायला लागला, इतर विद्यार्थी तक्रार करायला लागले, मी त्यांच्याशी भांडले. एके सकाळी एका ट्रेमध्ये हिरवा कोंब दिसला. मी विनीताला क्लासमधून ओढत आणलं. ती बिचारी माझ्याबरोबर गुडघे टेकून बसली. चार दिवसांनी पानं उमलली तेव्हा कळलं, ट्रेच्या मातीतून आलेलं इथलंच तण होतं. विनीताने ते उपटलं नाही, मीच उपटलं.

आईला मी सांगितलं नाही. कधीच नाही. काकूला तर जानेवारीनंतर एक ओळ टाकली नाही. काय लिहू? तुझं बी मेलं? तू खडी फोडून, उपाशी राहून जपलेलं, ते माझ्या माजामुळे मेलं? त्यापेक्षा तू खाल्लं असतंस तर निदान तुझ्या पोटात तरी गेलं असतं. असं मी मनात रोज लिहायची.

सप्टेंबरमध्ये तिचंच पत्र आलं. ‘पोळ्याला पाऊस झाला. एकच झाला, पण झकास. रानाला वाफसा आलाय, मी कुळवाची पाळी घालून ठेवलीय. बी लगोलग धाड. एवढी ओल दहा-बारा दिवस टिकंल.’

दहा-बारा दिवस. तिचं पत्र यायलाच सोळा दिवस लागले होते. बी असतं तरी पोचलं नसतं, असं म्हणून मी माझी समजूत घालायला गेले, पण बी असतं तर मी ते जूनमध्येच परत पाठवून दिलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं.

त्या दिवशी मी खोटं लिहिलं. खरं लिहिलं असतं तर त्यात आईचे हात आले असते, आणि काकूने आईला आयुष्यभर त्या हातांवरून ओळखलं असतं. हे झालं चांगलं कारण. वाईट कारण हे की मला माझं नाव त्यात नको होतं. मी लिहिलं, ‘काकू, बी माझ्यापर्यंत आलंच नाही. विमानतळावर कस्टमच्या साहेबाने काढून घेतलं. तुला कळवायला तोंड नव्हतं. मला माफ कर.’ पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन उरलेले हुलगे फडताळात सगळ्यात वर, मागे ढकलले.

उत्तर यायला ऑक्टोबर संपला. पत्रांच्या पेट्यांपाशी उभ्या उभ्याच फोडलं. विनीता जिन्यात किल्ल्या शोधत होती.

“पोरी, रडू नको. तुझा काय दोष. रान पडीक राहिलं तर राहू दे, ते कुठं पळून जातंय. साहेब झाला तरी तो बी माणूसच. त्याच्या घरामागं हातभर जागा असंल. त्याला गाठ आणि तुझ्या इंग्रजीत नीट समजावून सांग, हे खायाचं नाही, बियाणं हाये. मुरमात एक रेघ ओढून टाक म्हणावं, पाणीबी नको घालू. फकस्त भाजू नको म्हणावं. भाजलं की संपलं. उगवलं की मूठभर माग त्याच्याकडं, त्याला नाही म्हणायला जीभ उचलणार नाही. मी आणलं तवा मूठभरच होतं. वाट बघते.”

मी ते घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं.

“काय म्हणते काकू?” विनीताने दार उघडत विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “पाऊस झाला म्हणते.”