किती चुकतं तेवढं सांगा

काका गेले तेव्हा गाळ्यात एकतीस लेव्हल मशिनं उरली. लेव्हल म्हणजे तिपाईवर बसवून जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण. बंद पडलेल्या कंपन्यांकडून काका ती घेत, दुरुस्त करत आणि मोजणीवाल्यांना विकत. गाळा महिनाअखेर सोडायचा होता. तोवर जे विकलं जाणार नाही, ते भंगारवाला वजनावर नेणार होता. ते मात्र काकूंना नको होतं. बाकी त्यांना काहीच वाटत नव्हतं. ताट समोर आलं की त्या जेवत, इतकंच.

पुतणी ऑनलाइन कपडे विकायची. तिने प्रत्येक मशीन पुसून पांढऱ्या चादरीवर ठेवलं आणि फोटो काढले. त्याआधी काकांनी बांधलेल्या चिठ्ठ्या सोडून डब्यात टाकल्या. प्रत्येक चिठ्ठीवर मशीनचा नंबर आणि ते किती चुकतं त्याची एक ओळ, जशी: 'तीस मीटरवर चार मिलिमीटर जास्त दाखवतं.'

"आपणच आपल्या मालाला नावं ठेवायची का, काकू?"

काकूंनी डब्याला झाकण लावलं.

दोन आठवड्यांत दोनच गेली. त्यातलं एक परत आलं, सोबत निरोप: 'चार मिलिमीटरचा फरक आहे. आधी सांगितलं असतं तर ठेवून घेतलं असतं.'

"चुकतं हे माहीत असून ठेवलं असतं?" पुतणी चक्रावली.

"तुमचं भिंतीवरचं घड्याळ किती पुढे आहे?" काकूंनी विचारलं.

"दहा मिनिटं."

"बस चुकते तुझी?"

"नाही. दहा वजा करते ना मी."

"मग तेच. किती चुकतं ते कळलं की काम भागतं."

पुतणीने डबा उपडा केला, नंबर जुळवत चिठ्ठ्या पुन्हा बांधल्या आणि चिठ्ठीचाच फोटो सगळ्यात वर टाकला.

"काकांनी लग्नाआधी स्वतःचीही चिठ्ठी दिली असेल."

"दिली होती. घोरण्याचं तेवढं लिहायचं राहिलं."

पुतणी हसली. काकूंनी खोक्याला चिकटपट्टी लावली.

दहा दिवसांत आणखी एकोणतीस मशिनं गेली. उरलेलं एक टेबलावर होतं. त्याला चिठ्ठी नव्हती. काका तिथवर पोचलेच नव्हते. एका मोजणीवालीने विचारलं, 'हेच हवंय. फरक किती?'

महिना संपायला दोन दिवस होते. दोघींनी ते मागच्या गल्लीत नेलं. इतकी वर्षं काका दुर्बिणीतून बघत आणि काकू समोर आकड्यांची उंच पट्टी धरून उभ्या राहत. आज पट्टी पुतणीने धरली. दोन खुणांमधला उतार काकूंनी एकदा मशीन मधोमध ठेवून मोजला, एकदा टोकाशी ठेवून. दोन उत्तरांतली तफावत म्हणजे मशीनची चूक. ती आली तीन मिलिमीटर. खात्रीसाठी पुन्हा मोजलं: नऊ. पुन्हा: एक.

"तीन लिहू या," पुतणी म्हणाली. "पहिल्यांदा आलेच होते की."

"आणि तिने तीन वजा केले तर?"

"नाहीतर भंगारात जाईल, काकू."

"हो."

काकूंनी फोन मागून घेतला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'दर वेळी वेगळा येतो.'

उत्तर लगेच आलं. 'मग नको. सांगितलंत ते बरं केलंत.'

भंगारवाला तिसऱ्या दिवशी सकाळी आला.

"चालतं का हे, मावशी?"

"नाही."

"काच काढून द्या मग. काचेचं वजन धरत नाही आम्ही."

काकू पेचकस घेऊन खाली बसल्या. चार स्क्रू होते. तीन सहज निघाले, चौथ्याला जरा वेळ लागला.