क्लॅरीमामाचे दात

"मिस, मला सैनिक बदलून द्या," टेगन म्हणाली. "याने काहीच केलं नाही. नुसते दात हरवले."

नोलीन पास्को चष्मा सावरत तिच्या स्क्रीनवर वाकल्या. केस काळे होते तेव्हापासून त्या यारंडूलच्या शाळेत इतिहास शिकवत होत्या, आणि कुणी रजेवर असलं की नेटबॉल आणि शिवणसुद्धा. दर एप्रिलला, युद्धात पडलेल्यांची आठवण करायच्या अँझॅक दिनाच्या आधी, नववीचा वर्ग गावच्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावरची नावं वाटून घ्यायचा आणि सरकारी दफ्तरखान्याच्या संकेतस्थळावर आपापला सैनिक हुडकायचा. पोरं फाइल चुटकीसरशी शोधायची, पण जुनं जोडून लिहिलेलं अक्षर एकाला वाचता येईल तर शपथ. ते वाचून दाखवायला नोलीनबाई लागायच्या.

बाकीच्यांना तोफा मिळाल्या, खंदक मिळाले. टेगन व्हीलरच्या वाट्याला क्लॅरी डुगन आला आणि त्याच्या फाइलीत निघाली कवळी. लष्कराने दिलेली. इंग्लंडला जाताना क्लॅरीला बोट लागली, तो कठड्यावरून ओकला आणि वरचे-खालचे सगळे दात समुद्राला मिळाले. मग चौकशी बसली. यात सैनिकाचा निष्काळजीपणा किती आणि लाटांचा किती? साक्षीदाराने शपथेवर सांगितलं होतं, 'डुगन वाकला तेव्हा दात होते, सरळ झाला तेव्हा नव्हते.' त्याखाली सह्यांवर सह्या, एक तर कर्नलची. पुढे हा माणूस फ्रान्समध्ये मेला, ते मात्र एका ओळीत उरकलं होतं.

गुरुवारी वर्ग आपापलं लिखाण वाचून दाखवणार होता आणि ते ऐकायला मर्ल हॅगर्टी येणार होत्या. वय नव्वद, आणि क्लॅरी डुगनचं रक्ताचं असं गावात उरलेलं तेवढंच माणूस. परवाच त्यांनी बेकरीत नोलीनबाईंचा दंड धरला होता.

"अगं नोलीन, माझ्या क्लॅरीमामाचं नाव यंदा लागलंय म्हणे. मला एवढंच शोधून दे, तो चिडून गेला का?"

"असं का विचारता, मावशी?"

"तो भरती झाला म्हणून आई रुसली गं. स्टेशनवर निरोप द्यायलासुद्धा गेली नाही. मग तो मेलाच. आई मरेपर्यंत तेच बोलायची, क्लॅरी माझ्यावर राग धरून गेला."

आता या प्रश्नाला उत्तर म्हणून कवळी कशी द्यायची?

"टेगन, थोडं शौर्य सापडतंय का बघ ना," नोलीनबाई म्हणाल्या.

"नाही ना. आणि कागदात नाही ते लिहायचं नाही, असं तुम्हीच सांगता."

"सांगते खरी. मग दात जरा कमी कर."

"दात वगळले तर राहतं काय, मिस?"

नोलीनबाई पुढच्या बाकाकडे वळल्या.

गुरुवारी हेडमास्तर टाय लावून आले. मर्लबाई हॅट घालून पहिल्या रांगेत बसल्या, पर्स मांडीवर. चार-पाच पोरांनी तोफा उडवल्या आणि मग टेगन उठली. तिने सगळं वाचलं. ओकारी वाचली, साक्ष वाचली, कर्नलसुद्धा सोडला नाही. मागच्या बाकावर फिसफिस सुरू झाली, एक जण हसू दाबता दाबता खुर्चीसकट आडवा झाला. हेडमास्तर छत न्याहाळू लागले. नोलीनबाई मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होत्या.

मर्लबाई हसल्या नाहीत. "दात कधी गेले?" त्यांनी विचारलं.

"जूनमध्ये."

"आणि नवे कधी दिले?"

"ऑक्टोबरात. ते पण दुसऱ्याच कुणाच्या मापाचे आले, त्याची वेगळी पत्रं आहेत. वाचू, आजी?"

"थांब जरा."

मर्लबाईंनी पर्समधून एक फोटो काढला. गणवेशातला तरुण, ओठ घट्ट आवळलेले, गाल आत गेलेले, जणू फोटोवाल्याशीच भांडायला उठलाय. "हा फोटो इंग्लंडहून आला होता," त्या म्हणाल्या. "आई हाच दाखवायची. बघ म्हणायची, एवढा खिदळणारा पोरगा, पण राग काही गेला नाही." त्यांनी फोटो उलटा केला. मागे स्टुडिओचा शिक्का होता, जुलैचा.

टेगनने वाकून पाहिलं. "चिडलेला कुठाय? आमचे पणजोबा कवळी काढून बसले की अस्सेच दिसतात."

मर्लबाईंच्या खांद्यांना आधी हिसका बसला, मग त्या हसायला लागल्या. हॅट तिरपी होईपर्यंत हसल्या, आणि हसता हसता कधी रडू लागल्या ते कुणालाच कळलं नाही. दात कमी कर म्हणून आपणच सांगितलं होतं, हे आठवून नोलीनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"पोरी," मर्लबाई डोळे पुसून म्हणाल्या, "हे आणखी एकदा वाचशील? इथे नको."

शाळा सुटल्यावर नोलीनबाईंनी दोघींना आपल्या गाडीतून गावाबाहेर नेलं, कापणी झालेल्या गव्हाच्या शेतांपलीकडच्या दफनभूमीत. मर्लबाई आईच्या थडग्याच्या काठावर टेकल्या. टेगन समोर उभी राहिली, वाऱ्याने फडफडणारे कागद दोन्ही हातांनी धरून, आणि अशा जागी वाचतात तसं हळू आवाजात वाचू लागली.

"मोठ्याने, बाळा," मर्लबाई म्हणाल्या. "आईला कमी ऐकू यायचं."

टेगनने घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.