चाळीस सेकंदांचा फ्रीझ

आधीच सांगून टाकते, त्या शनिवारी मी सगळ्यांसमोर ओरडले त्याबद्दल मी कुणाचीही माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. आई म्हणते, "मोठ्या माणसांशी असं बोलतात का?" मोठी माणसं असं वागतात का, ते आधी सांगा.

माझी ताई विद्यापीठात नाट्य विभागात शेवटच्या वर्षाला आहे. त्याच इमारतीत नृत्य विभाग आणि चित्रपट विभागही आहे. दरवर्षी शेवटी शेवटच्या वर्षाच्या मुलांचं सादरीकरण असतं. प्रत्येकाला सहा मिनिटं, आणि पहिल्या दोन रांगांत बाहेरून आलेले पाहुणे. यंदा सभागृहाचं छत धोकादायक निघालं, म्हणून विभागप्रमुख सरांनी जाहीर केलं की सादरीकरण ऑनलाइन होईल. मुलांनी आपापल्या घरून करायचं आणि चित्रपट विभागाच्या मुलांनी कंट्रोल रूममध्ये बसून ते पाहुण्यांपर्यंत पोचवायचं. "आपण काळाबरोबर चाललो आहोत," असं सरांच्या पत्रात तीनदा होतं. मी मोजलं.

ताईला काळाशी काही देणंघेणं नव्हतं. तिचं सगळं लक्ष एका पाहुणीकडे होतं. एक फिरती नाटक कंपनी आहे. तिच्या मालकीण बाई दरवर्षी या सादरीकरणातून एक, फक्त एक, माणूस उचलतात. त्यांनी घेतलं नाही तर ताई दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसणार होती. सोमवारपर्यंत काय ते कळवा, असा दवाखान्याचा निरोप होता.

"दवाखान्यात वाईट काय आहे?" आई म्हणाली. "सावलीतलं काम, बसून काम."

"आई, बसूनच तर आहे ना ते!"

ताईने प्रसंग स्वतः लिहिला होता. कपडे शिवणारी एक बाई कोटासाठी एका गिऱ्हाइकाचं माप घेते आहे. गिऱ्हाईक अर्थात दिसत नाही, ताई हवेतच टेप धरते. आकडे बोलता बोलता तिच्या लक्षात येतं की या माणसाचा डावा खांदा उतरलेला आहे, अगदी आपल्यासारखा. मग कळतं, हा आपला बाप. लहानपणी सोडून गेलेला. त्याने मात्र तिला ओळखलेलं नाही. टेप त्याच्या छातीभोवती, तिचे दोन्ही हात तिथेच, आणि ती थांबते. चाळीस सेकंद. मग म्हणते, "छाती बेचाळीस," आणि पुढचं माप घ्यायला लागते. बस, एवढंच.

आमची आई खरोखरच शिवणकाम करते, त्यामुळे तालमीत तिच्या सूचना संपेनात.

"टेपच्या आत दोन बोटं घाल. नाहीतर कोटाचं बटण लागायचं नाही."

"आई, कोट नाहीये. माणूससुद्धा नाहीये."

"म्हणून काय वाट्टेल तसं माप घेशील?"

मी घड्याळ धरायचे. खरं सांगू? पहिल्या दिवशी पंधराव्या सेकंदाला मला हसू फुटलं. तिसऱ्या दिवसापासून तिसाव्या सेकंदानंतर मी घड्याळाकडे बघायचंच विसरायचे. नुसती उभी असायची हो ती! पण त्या उभं राहण्यातच सगळं होतं.

कंट्रोल रूमला प्रत्येकाने आधी एक क्यू शीट द्यायची होती, म्हणजे कितव्या मिनिटाला काय होणार त्याची यादी. ताईने तिच्या सुबक अक्षरात लिहून दिलं, "चौथं मिनिट: फ्रीझ, चाळीस सेकंद." नाटकवाल्यांत फ्रीझ म्हणजे नटाने होता तसा थिजून उभं राहायचं. ताई म्हणते, पहिल्या वर्षी पहिल्या आठवड्यात हे शिकवतात.

शनिवारी आम्ही आईचं शिलाई मशीन भिंतीला लावलं. आईने फ्रिजचं बटण बंद केलं, कुकर लावायचा नाही म्हणून शपथ घेतली आणि स्वयंपाकघरात दार लोटून बसली. मी लॅपटॉपच्या मागे, हातात आवाज बंद केलेला फोन. कंट्रोल रूम पाहुण्यांना काय दाखवते ते मला फोनवर दिसत होतं.

ताईने सुरुवातच अशी केली की मला खोली दिसेनाशी झाली. खांदा सतरा. बाही चोवीस. मग ती टेप घेऊन वळली, खांद्याशी थबकली, छातीभोवती हात नेले आणि थिजली.

आणि फोनवर माझी बहीण गायब झाली! तिच्या जागी निळी पाटी. "तांत्रिक अडचण. कृपया प्रतीक्षा करा." वर कोपऱ्यात एक हसरा कॅमेरा डोळा मारतोय. मी बघतच राहिले. पाटी गेली आणि नृत्य विभागातली एक मुलगी गिरक्या घ्यायला लागली.

मी लॅपटॉपच्या वरून समोर पाहिलं. ताई तशीच उभी. तिला काय ठाऊक! मी थांबवायला हवं होतं का? थांबवलं नाही. माझ्याच्याने ते मोडवेना. "छाती बेचाळीस," ताई म्हणाली, इतक्या हलक्या आवाजात की जणू त्या माणसाला ऐकू जाऊ नये. जगात एकच प्रेक्षक उरला होता, तो मी, आणि त्यातला अर्धा वेळ मी फोनकडे बघत होते. याचा मला अजून राग येतो, माझा स्वतःचा.

"कसं झालं, टिमके?" ताईने विचारलं. मी सतत वाजत असते म्हणून ती मला टिमकी म्हणते.

मी सांगितलं. ताई खुर्चीत बसली. मग तिने कंट्रोल रूमला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अगं, तूच तर लिहिलं होतंस!" तिथला बटणवाला म्हणाला. "चौथ्या मिनिटाला फ्रीझ, चाळीस सेकंद. मी आधीपासून पाटी तयार ठेवली होती. म्हटलं, बिचारीचं नेट खराब आहे, तरी किती प्रामाणिकपणे कळवलंय. पाहुण्यांना ताटकळत ठेवायला नको म्हणून पुढचा नाच लगेच सुरू केला."

"अहो दादा," मी मधेच ओरडले, "नेट काय आधी वेळ सांगून जातं का? चौथ्या मिनिटाला, चाळीस सेकंद?"

"आमच्याकडे तर रोज जातं," तो म्हणाला. "आमच्याकडे फ्रीझ म्हणजे चित्र अडकणं. तुमच्याकडे दुसरं काही म्हणतात का?"

चार वर्षं एकाच इमारतीत! एकाच कँटीनमध्ये चहा! आणि एका शब्दाचा अर्थ एकमेकांना विचारावासा वाटला नाही कुणाला!

ताईने सरांना फोन केला. सर म्हणाले, "कुणाच्या लक्षातही आलं नसेल. आणि बघ, ऑनलाइनला शांतता चालत नाही. पुढच्या वेळी जरा हालचाल ठेव. निदान पापण्या तरी."

"सर, पुढची वेळ नाहीये. माझं शेवटचं वर्ष आहे."

"हो का? अरेरे," सर म्हणाले. अरेरे! एवढंच!

शेवटी सगळ्यांच्या गप्पांचा तास होता. पाहुणे, मुलं, सर, सगळे आपापल्या चौकोनात. सरांनी 'अडथळ्यांवर मात' या विषयावर बोलायला सुरुवात केली आणि म्हणाले की आजचा कार्यक्रम अत्यंत सुरळीत पार पडला. ताई शांत बसली होती. मला नाही बसवलं. मी तिच्या खांद्यावरून हात घालून आवाज चालू केला.

"सुरळीत नाही झाला! माझ्या बहिणीचं नेट मुळीच गेलं नव्हतं. ती अभिनय करत होती आणि तुम्ही तिला बिघाड समजलात!"

"ही कोण मुलगी?" सर म्हणाले. "कृपया आवाज बंद करा."

"थांबा," दुसरा एक आवाज आला. पांढऱ्या केसांच्या एक बाई, मागे दोरीवर वाळत घातलेले पडदे. नाटक कंपनीच्या बाई. "ती टेपवाली मुलगी ना? मला वाटलंच, नेमकं तिथेच कसं गेलं? पाटीनंतर काय होतं?"

ताई पुढे झुकली. "सांगून कळणार नाही, बाई. करून दाखवावं लागेल."

"पाच वाजता लिंक बंद होते," सर म्हणाले.

"होऊ दे की," बाई म्हणाल्या. "मुली, मंगळवारी आमच्या तालमीला ये. मी अजून कुणाला घेतलेलं नाही. तुलाच घेईन असंही म्हणत नाही. पण अख्खं बघेन."

"आमच्या या ऑनलाइन उपक्रमामुळेच अशा संधी..." सर सुरू झाले.

"उपक्रमामुळे नाही, उपक्रम असूनही!" मी म्हणाले आणि तेवढ्यात त्यांनी मला बंद केलं. ओठ हलवून मी पुढचंही सगळं बोलले.

रविवारी सकाळी विभागाचं पत्र आलं. झालेल्या चुकीबद्दल दोन शब्द असतील म्हणून मी उघडलं. आत होती पुढच्या वर्षीसाठी नियमावली. कायमचंच ऑनलाइन होणार म्हणे, पाहुण्यांना सोयीचं पडतं. आणि नियम सातवा: "कोणत्याही सादरकर्त्याने सलग पाच सेकंदांहून अधिक काळ निश्चल राहू नये."

मी तो मोठ्याने वाचला. ताईने फोन माझ्या हातातून घेतला आणि परत वाचला. कालपासून ती एकदाही चिडली नव्हती. आता तिचे कान लाल झाले.

"पहिल्या वर्षाला त्या दोघी आहेत ना," ती म्हणाली, "मी ज्यांना थांबायला शिकवलं... त्यांना हे सांगणार?"

उठून तिने दातांच्या दवाखान्याचा नंबर फिरवला आणि येत नाही म्हणून सांगून टाकलं.

"अगं, अजून तुला घेतलेलं नाही त्यांनी!" आईने कात्री खाली ठेवली. "मंगळवारी नाही म्हणाल्या म्हणजे?"

"तर दुसरी कंपनी शोधेन. नाहीतर चौकात करेन. पण हे पाच सेकंदवाले जिंकले असं नाही होऊ देणार."

आईने कात्री परत उचलली. मी टेबलाशी बसून सरांना उत्तर लिहायला घेतलं होतं. तीन पानं झाली होती आणि अजून नियम पहिलाच चालला होता.