तळ्याकाठचा हद्दीचा दगड

मी एक जुना हद्दीचा दगड आहे. पनवेलजवळच्या एका गावात, डोंगराच्या पायथ्याशी माझा मुक्काम. पाथरवटाने मला काळ्या खडकातून घडवले आणि मोजणीदाराने तळ्याच्या काठावर पुरले. माझ्या एका अंगाला गावाचे तळे, दुसऱ्या अंगाला गुणाबाईचे भातशेत. मित्रांनो, तळ्याच्या वर गुरचरण होते आणि खाली साऱ्या गावाची शेती. भातकापणी झाली की तळ्याच्या पाण्यावर वाल पिकायचा.

गुणाबाई माझ्यावर विळ्याला धार लावायची. बांधावरून भांडण झाले की लोक तिलाच विचारायचे. एकदा तिच्या नवऱ्याने बांध हातभर तळ्याकडे सरकवला, तर तिने स्वतः फावडे घेऊन तो मागे आणला.

पुढे आजूबाजूच्या शेतांत फार्महाऊस उभी राहिली. नवरा गेल्यावर तिच्या मुलाने, हरेशने, जमीन विकायला काढली. घेणाऱ्याला मोठा तुकडा हवा होता. एका दुपारी जेसीबीने मला उपटले, तीस पावले आत पाण्यात रोवले आणि मागे भराव टाकला.

गुणाबाई धावत आली. "अरे, तळं गावाचं हाय!"

"आये, व्यवहार ठरलाय. तू यात पडू नको," हरेश म्हणाला.

खालच्या शेतातल्या निकेशने तक्रार केली. मोजणीदार आला, पण काठाच्या बाकीच्या खुणा भरावाखाली गेल्या होत्या. सारे गाव जमले. मोजणीदाराने गुणाबाईला विचारले, "आजी, हा दगड आधीपासून इथेच होता का?"

"काकी, तू सांगशील ते आमी मानू," निकेश म्हणाला.

गुणाबाईने मुलाकडे पाहिले.

"हितंच व्हता," ती म्हणाली.

मी तिथेच उभा होतो, मित्रांनो, आणि मला एक शब्द बोलता आला नाही. निकेश निघून गेला.

त्या वर्षी भरावाने लहान झालेले तळे माघातच आटले. निकेशचा वाल शेंगा भरायच्या आत करपला आणि पुढच्या वर्षी त्यानेही शेत विकले. गुणाबाईला आता कुणी काही विचारत नाही. ती विहिरीवर आली की बायका बोलायच्या थांबतात.

तळे साऱ्यांचे असते, म्हणून त्याच्या बाजूने कुणीच उभे राहत नाही. माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या गावच्या तळ्याचा काठ एकदा पायी फिरून बघा, नीट लक्षात ठेवा. कुणी विचारले तर खरे सांगा. समोर घरचे माणूस असले तरी.